घारापुरीच्या गोष्टी आधी घारापुरीला दाखवा

घारापुरीवर आर्ट रेसिडेन्सी (कलाकारांनी एका जागी काही दिवस राहून काम करायचं, ती) करू पाहणाऱ्या आयोजकांना, क्युरेटरना आणि तिथे येऊ घातलेल्या सगळ्या कलाकारांना,

नमस्कार.

तुमचा ओपन कॉल, म्हणजे कलाकारांकडून अर्ज मागवणारं पत्रक, आमच्या कलाशिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला आणि मी तो तीनदा वाचला. सहा कलाकार, एकवीस दिवस, "दुर्गम बेटावरच्या न सांगितलेल्या गोष्टींचा शोध" आणि शेवटी मुंबईत गॅलरीत प्रदर्शन. पहिल्यांदा वाचला तेव्हा आनंदच झाला, कारण लेण्यांच्या पलीकडे या बेटावर माणसं राहतात हे कोणीतरी लक्षात घेतलं. दुसऱ्यांदा वाचताना कुठेतरी खटकलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर ठरवलं की ग्रुपमध्ये दोन ओळी टाकून उपयोग नाही, नीट लिहायचं आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं.

मी उरण तालुक्यातली. शाळेत चित्रकला शिकवते. माझी आत्या लग्न होऊन घारापुरीला मोराबंदरला गेली (उरणचं मोरा वेगळं आणि बेटावरचं मोराबंदर वेगळं, तुमच्या नकाशात दोन्ही एकच झालंय, तेवढं दुरुस्त करा). लहानपणी मे महिन्याची सुट्टी म्हणजे समोरच्या न्हावा गावाहून होडीने आत्याकडे, हे ठरलेलं. त्यामुळे मी बेटावरची नाही पण परकीही नाही, आणि हे पत्र मी बेटाच्या वतीने लिहीत नाहीये, तो अधिकार शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन गावांचा आणि त्यांच्या ग्रामपंचायतीचा आहे. मी एवढंच लिहिते जे मी बघितलंय.

आधी "दुर्गम" या शब्दाबद्दल. गेटवेपासून घारापुरी साधारण दहा किलोमीटर, लाँचने तासभर. दिवसा तिथे एवढी गर्दी असते की जेटीपासून पायऱ्यांपर्यंत धक्के खात चालावं लागतं. पण संध्याकाळची शेवटची लाँच सुटली की सगळं बदलतं. पर्यटकांना रात्री राहायला परवानगी नाही, स्टॉलवरच्या निळ्या ताडपत्र्या खाली येतात आणि त्यानंतर कोणाला छातीत कळ आली, साप चावला, बाळंतपणाची वेळ आली तर मध्ये खाडी. समोर मुंबई दिसत असते, दुसऱ्या बाजूला न्हावा-शेवा पोर्टचे दिवे दिसत असतात, आता उत्तरेला अटल सेतूही दिसतो, आणि तरी तुम्ही तिथे अडकलेले असता. दुर्गम हा शब्द खरा आहे, पण तो रात्री खरा आहे आणि रात्र न काढता तो कळत नाही. तुमच्या कॉलमध्ये लिहिलंय की कलाकार रोज सकाळी मुंबईहून बोटीने येतील आणि संध्याकाळी परत जातील. परवानगीची अडचण असणार हे मला मान्य आहे. पण मग आधी ती परवानगी मिळवा, पंचायतीला सोबत घेऊन मागा, वेळ लागला तर लागू दे.

या दिव्यांची एक गोष्ट सांगते. जेएनपीटी, म्हणजे हेच न्हावा-शेवा पोर्ट, १९८९ ला सुरू झालं. घारापुरीला वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं समोर एवढं मोठं बंदर रात्रभर लखलखत होतं आणि बेटावर जनरेटर, तोही संध्याकाळी तीन-साडेतीन तास, नंतर कंदील. वीज यायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट असेल, बेटावरची एक मुलगी उरणला नातेवाइकांकडे राहून आमच्या शाळेत शिकायची. मी वर्गात "माझं गाव" असा विषय दिला. सगळ्यांनी देऊळ, डोंगर, मधून सूर्य, नारळाची झाडं अशी चित्रं काढली. हिने अख्खा कागद काळ्या खडूने घासून घासून भरला, इतका की खडूच संपला, आणि वरच्या कडेला पिवळ्या ठिपक्यांची एक सरळ रेघ काढली. मी विचारलं हे काय गं, तर म्हणाली बाई हे पोर्ट. मग गाव कुठाय? तिने काळ्यावर हात ठेवला, म्हणाली गाव खाली आहे, आत्ता जनरेटर बंद झालाय.

ते चित्र मी अजून जपून ठेवलंय. तुमच्या कॉलमधला "न सांगितलेल्या" हा शब्द वाचला आणि मला तेच आठवलं, कारण त्या पोरीने सांगितलंच होतं, फार स्पष्ट सांगितलं होतं. बेटावरच्या गोष्टी न सांगितलेल्या नाहीत हो. रोज रात्री ओट्यावर बसून सांगितल्या जातात, एकाच क्रमाने, आणि एखादी चूक झाली तर बाजूची बाई लगेच टोकते की कंदील तुझ्या हातात नव्हता, माझ्या हातात होता.

ही कंदिलाची गोष्ट आत्याच्या जावेच्या बाळंतपणाची आहे. रात्री कळा सुरू झाल्या, नेमकी ओहोटी लागलेली, होडी चिखलात बसलेली. घारापुरीच्या कडेचा चिखल ज्यांनी बघितला नाही त्यांना कळणार नाही, पाय टाकला की मांडीपर्यंत आत जातो आणि मध्ये मध्ये कालवांचे दगड, त्यांच्या धारेने पोटऱ्या फाटतात. चार बायकांनी तिला चादरीच्या झोळीत घालून त्या चिखलातून पाण्यापर्यंत नेलं. न्हाव्याला पोचायच्या आधीच मुलगी झाली. आणि आत्या दरवेळी न चुकता सांगते की वल्हवणारा माणूस सगळा वेळ मान वळवून पाण्याकडेच बघत होता, एकदाही त्याने मागे बघितलं नाही, त्यामुळे होडी थोडी वाकडी गेली आणि न्हाव्याच्या जेटीऐवजी बाजूच्या खाजणात लागली.

ती मुलगी म्हणजे माझी बहीण, आता चाळिशीत आहे, नोकरी करते. हे इथे लिहिण्याआधी मी तिला फोन केला. म्हणाली लिही, पण नाव नको, आणि ती वाकडी होडी नक्की लिही. तिचा फोन लागला नसता तर मी हा परिच्छेद लिहिला नसता. तुमच्याकडून मला हेच हवंय, सुरुवातीला फक्त एवढंच. गोष्ट सांगणारा एक असतो आणि गोष्ट ज्याची आहे तो दुसराच असू शकतो, दोघांनाही विचारायला लागतं.

हे मी इतक्या कळवळून का लिहितेय तर या बेटावरून वस्तू नेण्याचा इतिहास फार जुना आहे. लेण्यांच्या दाराशी एक मोठा कोरीव शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढला आणि पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, तिथे कोणाला वाचता आला नाही आणि पुढे तो कुठे गेला ते समजलंच नाही. दियोगो दो कूतो या त्यांच्याच इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय. आज जगभरातले अभ्यासक वाद घालतात की ही लेणी नक्की कोणी कोरली, कलचुरी राजघराण्याने म्हणावं की आणखी कोणी, तेव्हा मला तो दगड आठवतो. बेटाची स्वतःची सही होती ती, आणि ती नेणाऱ्याला वाचताही येत नव्हती.

मग हत्ती. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं तो हत्ती बेटावर नाही. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलताना तो फुटला, तुकडे मुंबईला व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत नेले, १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले आणि आज तो तिथेच भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाजूला उभा आहे. मी दरवर्षी शाळेची ट्रिप नेते तेव्हा मुलांना सांध्याच्या रेघा दाखवते. जुन्या प्रवाशांनी एका दगडी घोड्याबद्दलही लिहिलंय, तो तर कुठेच नाही. नेलेल्यातलं काही परत आल्याचं माझ्या बघण्यात नाही. तुम्ही तसे नाही हे मी मनापासून मानते, पण तुम्हीही काहीतरी न्यायलाच येताय, आणि गोष्ट नेली की दगडासारखी जागा रिकामी दिसत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

आत्याच्या बाबतीत हे झालंय. तुम्ही घारापुरीला गेला असाल तर बघितलं असेल, पायऱ्यांच्या वाटेवर बायका नऊवारी नेसून डोक्यावर दोन-तीन कळशा ठेवून उभ्या असतात, पर्यटक त्यांच्यासोबत फोटो काढतात आणि थोडे पैसे देतात. आत्याने ते काम बरीच वर्षं केलं. त्या कळशा आता रिकाम्या असतात, पण आत्याची मान जी सरळ राहते ती भरलेल्या कळशांची सवय आहे, तिने आयुष्याची कितीतरी वर्षं पाणी खरंच डोक्यावरून वर चढवलंय. मागच्या वर्षी माझ्या एका माजी विद्यार्थ्याला तिचा फोटो एका वेबसाइटवर मिळाला, मोठ्या साइजच्या प्रिंट म्हणून विक्रीला, डॉलरमध्ये. खाली कॅप्शन होतं "ट्रायबल वुमन विथ पॉट्स". फोटो सुंदर होता, मी चित्रकलेची बाई आहे, उजेड कसा पकडलाय ते मला कळतं. मी आत्याला मोबाइलवर दाखवला. तिने बराच वेळ बघितला आणि विचारलं, ही निळी कळशी तर फुटली, हा फोटो कधीचा? किमतीचं मी सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही, फोन परत दिला आणि तांदूळ निवडायला लागली.

आता तुम्ही म्हणाल की मग करायचं काय, कलाकारांनी यायचंच नाही का? यायचं! जरूर यायचं. आणि हे नीट करता येतं हे माहीत असल्यामुळेच मी लिहितेय.

कॅनडात न्यूफाउंडलंडजवळ फोगो नावाचं बेट आहे, मासेमारीवर जगणारं. १९६७ मध्ये तिथल्या लोकांना बेट सोडून दुसरीकडे वसवायचा सरकारचा बेत चालू होता. तेव्हा नॅशनल फिल्म बोर्डचे दिग्दर्शक कॉलिन लो आणि तिथल्या मेमोरियल युनिव्हर्सिटीची माणसं बेटावर गेली आणि त्यांनी सत्तावीसच्या आसपास छोट्या छोट्या फिल्म केल्या. कोणाच्या स्वयंपाकघरात, कोणाच्या होडीवर, एखाद्या लग्नात. महत्त्वाचं पुढे आहे. त्या फिल्म आधी बेटावरच्याच लोकांना दाखवल्या, वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये हॉलमध्ये बसून, आणि ज्याची फिल्म त्याच्या संमतीनंतरच बाहेर नेल्या. ज्या वस्त्या एकमेकांशी फारशा बोलत नव्हत्या त्यांनी एकमेकांना पडद्यावर बघितलं आणि कळलं की अडचण सगळ्यांची सारखीच आहे. मग फिल्म सरकारला दाखवल्या आणि सरकारच्या माणसाचं उत्तर शूट करून परत बेटावर आणून दाखवलं. लोकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, बेट सोडलं नाही. पुढे १९९२ मध्ये कॉड माशाच्या मासेमारीवर बंदी आली, पुन्हा मोठा धक्का बसला, तरी लोक टिकले. आज त्याच बेटावर जगातली नावाजलेली आर्ट रेसिडेन्सी आहे, २००८ पासून, बेटावरच जन्मलेल्या झिटा कॉब यांच्या पुढाकाराने. खडकांवर उभे असलेले ते स्टुडिओ तुमच्यापैकी अनेकांनी फोटोत बघितले असतील. ते स्टुडिओ उभे राहायच्या चाळीस वर्षं आधी त्या बेटाने स्वतःला पडद्यावर बघितलं होतं, हे मात्र त्या फोटोत दिसत नाही.

त्यातली एक फिल्म मी आत्याला दाखवली, मुलं खेळतायत, होड्या आहेत, वारा आहे. भाषा कळायचा प्रश्नच नव्हता. बघून म्हणाली, "ही तर आपलीच मानसं, नुसता स्वेटर घातलाय."

जपानमधलं नाओशिमा बेट तर तुम्हाला माहीतच असणार. तिथे १९९८ मध्ये मियाजिमा तात्सुओ यांनी एका जुन्या घरात पाणी भरून त्यात आकडे मोजणारे १२५ एलईडी काउंटर ठेवले आणि प्रत्येक काउंटरचा वेग गावातल्या एकेका माणसाने ठरवला, अगदी लहान मुलांपासून नव्वदी पार केलेल्या आजोबा-आजींपर्यंत. एवढी साधी गोष्ट. पण त्या गावातला माणूस त्या घरात गेला तर त्याला त्याचा आकडा सापडतो. घारापुरीवर असं काही झालं तर मी माझ्या खर्चाने अख्खी शाळा घेऊन येईन.

तुमच्या तारखांबद्दल एक. तुम्ही डिसेंबर-जानेवारी ठेवलाय, हवा चांगली म्हणून. पण तो बेटाचा सीझन आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळं घर स्टॉलवर, नाहीतर हॉटेलात, नाहीतर गाइड म्हणून वर. तेव्हा कोणाला तुमच्याशी बोलायला वेळ आहे? पावसात या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, जाळी विणायला नाहीतर दुरुस्तीला काढलेली असतात, गेटवेच्या लाँच हवा खराब झाली की येत नाहीत, आणि माणसं घरात असतात. गळणारं छप्पर, ओल आलेल्या भिंती, ओले कागद, सगळं सहन करावं लागेल. पण जाळं विणणारा माणूस हात चालू ठेवून बोलतो आणि तसं बोलणं तुम्हाला माइक समोर धरून कधीच मिळणार नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबलात तर आणखी चांगलं.

आणि ऐकायला खूप आहे हो. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं धडकली, तेल इथल्या खारफुटीत शिरलं, त्या दिवसांत बाजारात मासळीला कोणी हात लावत नव्हतं. त्या वेळी घराघरात काय शिजलं ते विचारा. पूर्वेच्या डोंगरावर विटांचा जुना स्तूप आहे, किनाऱ्यावर रोमन काळातल्या मद्याच्या कुंभांचे तुकडे सापडलेत, म्हणजे लेणी कोरायच्या कितीतरी आधी इथे परदेशी माल उतरत होता. तेच तुकडे पोरं लहानपणी पाण्यावर भाकऱ्या मारायला वापरायची, माझ्या आतेभावांनी वापरलेत, मीही वापरले असतील. डोंगरावर इंग्रजांच्या दोन प्रचंड तोफा पडून आहेत, त्यांच्या भोवतीच्या गोष्टी वेगळ्याच. भरती-ओहोटीचं, उधाणाचं (मोठ्या भरतीचं) आणि भांगाचं (लहान भरतीचं) गणित तोंडपाठ असणाऱ्या बायका आहेत, घड्याळ न बघता सांगतात की कालवं काढायला किती वाजता उतरायचं. पोरं शिकायला बाहेर गेली की हे गणितही हळूहळू जाणार. हे कोणीतरी नोंदवून ठेवायला हवंच, आणि सरकारी खात्याच्या सर्व्हेपेक्षा कलाकार ते जास्त चांगलं करतील असा माझा विश्वास आहे.

फक्त पैशाचं स्पष्ट लिहा. कलाकाराला मानधन आहे, क्युरेटरला आहे, डॉक्युमेंटेशन करणाऱ्याला आहे. जी बाई दोन दिवस काम सोडून तुमच्याशी बोलणार तिला काय? "कम्युनिटीचा सहभाग" असं तुमच्या कॉलमध्ये आहे, त्यापुढे रक्कम नाही. स्टॉल एक दिवस बंद ठेवला तर किती नुकसान होतं हे कोणालाही विचारा, सांगतील. राहायला खोली गावात भाड्याने घ्या, जेवण गावातच, भाषांतराला बाहेरून माणूस आणू नका, गावात कॉलेजला जाणारी मुलं-मुली आहेत, त्यांना ते काम द्या आणि नावासकट श्रेय द्या. कॅटलॉग मराठीतही काढा, आणि इंग्रजीवरून मराठी करू नका, आधी मराठीत लिहा. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचता यायला पाहिजे. रेकॉर्डिंगची एक प्रत पंचायतीकडे नाहीतर शाळेत राहू दे. एक हार्ड डिस्क, त्याला असा किती खर्च येतो?

सहापैकी एक जागा बेटावरच्या कोणासाठी ठेवा हेही मला म्हणायचं होतं. काळा कागद करणारी ती मुलगी आता मोठी झालीय, मध्यंतरी जीडी आर्टला (कलेच्या डिप्लोमाला) अॅडमिशन घ्यायचं म्हणून मला फॉर्मबद्दल विचारत होती. तुमच्या कॉलमध्ये पाच वर्षांचा प्रदर्शनांचा अनुभव मागितलाय. तो तिच्याकडे नाही. पण तुम्ही जे शोधायला एकवीस दिवस येताय ते तिने आठवीत असताना एका तासात काढलं होतं.

आता शेवटचं मागणं. मुंबईतलं उद्घाटन नंतर करा. पहिलं प्रदर्शन बेटावर ठेवा आणि सोमवारी ठेवा, सोमवारी लेणी बंद असतात, तो बेटाचा सुट्टीचा वार. शाळेच्या व्हरांड्यात किंवा मोराबंदरच्या एखाद्या अंगणात पांढरी चादर बांधा, वीज आहे आता. ज्याला आपली गोष्ट नको वाटली त्याने तिथेच सांगू दे की ही काढा, आणि तुम्ही ती काढा. कोणी म्हणेल कंदील तिच्या हातात नव्हता, माझ्या हातात होता, तर तेही तिथल्या तिथे बदला.

मी चहाचं बघते, चादर पण माझ्याकडे मोठी आहे. आत्यासाठी पुढच्या रांगेत एक खुर्ची ठेवा, तिला आता लांबचं दिसत नाही.

तुमची,
उरणची एक चित्रकला शिक्षिका